घर आखायचे कुणी?

आपल्या देशातील बहुसंख्य घरे सरकारने बांधलेली नाहीत आणि बिल्डरांनीही बांधलेली नाहीत. ती राहणाऱ्यांनी स्वतः, गावातील गवंडी व सुतार हाताशी धरून, जमेल तशी आणि जमेल तेव्हा उभी केली आहेत. शासकीय अहवालांत मात्र या घरांना फारसे स्थान नसते. किती घरकुले मंजूर झाली, किती पूर्ण झाली, किती निधी खर्ची पडला, हे तिथे सापडते. पंधरा वर्षे थोडे थोडे करून एखाद्या शेतमजुराने पूर्ण केलेले दोन खोल्यांचे घर कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

लहान माणसाच्या लहान घराचा आराखडा कुणी ठरवायचा, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या प्रशासनाने वारंवार सोडवला आणि वारंवार विसरलाही. त्याचे एक उत्तर तज्ज्ञांच्या बाजूने येते, दुसरे घरधन्याच्या बाजूने. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, हे कळायला आपल्याला दोन मोठे भूकंप सोसावे लागले. त्या प्रवासाचा हा संक्षिप्त इतिहास.

सेवाग्रामची अट

सुरुवात वर्ध्याजवळच्या शेगावपासून करणे सोयीचे ठरेल. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या खेड्यात राहायला आले. (१९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.) बांधकामाची देखरेख मीराबेन यांच्याकडे होती. गांधीजींनी अटी घातल्या होत्या: साहित्य आसपास मिळणारे हवे, कामाला गावातलीच माणसे हवीत आणि खर्च शंभर रुपयांच्या आत हवा. माती, बांबू, लाकूड आणि कौले यांतून ती घरे उभी राहिली. आज हजारो पर्यटक जी ‘बापू कुटी’ पाहतात, ती मुळात मीराबेन यांची राहण्याची जागा होती. नंतर ती गांधीजींसाठी वाढवण्यात आली.

या घरांकडे आपण साधेपणाचे प्रतीक म्हणून पाहतो. प्रशासकाच्या दृष्टीने त्यांत आणखी एक गोष्ट आहे. तिथे खर्चाची मर्यादा आणि साहित्याची कक्षा आधी ठरली, आराखडा नंतर त्यांतून निघाला. सार्वजनिक बांधकामाची आपली रीत याच्या उलट आहे. आधी नकाशा, मग अंदाजपत्रक, मग निविदा. आणि पैसे कमी पडले की भिंतीची जाडी कमी.

जंगपुऱ्याचा कारखाना आणि फरिदाबादची वसाहत

फाळणीनंतर लाखो निर्वासितांना निवारा देण्याची जबाबदारी नव्या सरकारवर आली. १९४८ मध्ये केंद्र सरकारने ऑटो कोनिग्सबर्गर यांना गृहनिर्माण संचालक नेमले. हे बर्लिनचे ज्यू वास्तुविशारद हिटलरच्या राजवटीमुळे देशोधडीला लागून १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आले होते आणि तेथे मुख्य वास्तुविशारद म्हणून त्यांनी चांगले काम केले होते. भुवनेश्वरचा पहिला आराखडाही त्यांचाच. दिल्लीत जंगपुऱ्याला सरकारी घरांचा कारखाना निघाला. काँक्रीटचे हलके पत्रे साच्यात ओतायचे, ते ट्रकमधून जागेवर न्यायचे आणि जोडून घर उभे करायचे, अशी ती योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसत होती. प्रत्यक्षात पत्र्यांना तडे जाऊ लागले, उत्पादन रखडले, संसदेत टीका झाली आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून गेले. कारखान्याची पुढे सरकारी कंपनी झाली आणि तिने इतर उत्पादने काढली. पण निर्वासितांची घरे कारखान्यातून बाहेर पडण्याचे स्वप्न तिथेच संपले.

त्याच सुमारास, दिल्लीपासून वीस मैलांच्या आत, फरिदाबादला दुसरा प्रयोग चालू होता. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेले सुमारे तीस हजार निर्वासित तिथे वसवायचे होते. घरे ठेकेदारांमार्फत बांधून निर्वासितांना द्यावीत, हा सरकारी खात्याचा नेहमीचा मार्ग. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनचे तरुण कार्यकर्ते लक्ष्मीचंद जैन यांनी आग्रह धरला की, हे काम निर्वासितांच्याच सहकारी संस्थांना द्यावे. नेहरूंनी त्यांना पाठिंबा दिला. ज्यांनी आयुष्यात कधी थापी धरली नव्हती अशा माणसांनी विटा पाडल्या, पाया खणला, भिंती रचल्या. काही वर्षांतच विकास मंडळ गुंडाळले गेले आणि कारभार नेहमीच्या खात्यांकडे गेला, ही त्या कहाणीची खेदजनक बाजू. पण घरे उभी राहिली होती.

कारखाना आणि वसाहत यांची तुलना करताना तंत्रज्ञान विरुद्ध श्रम असा सोपा निष्कर्ष काढू नये. खरा फरक देखरेखीचा होता. कारखान्यातल्या पत्र्याला तडा गेला तर तो कुणाच्याच घराचा तडा नव्हता. फरिदाबादच्या भिंतीवर मात्र तिच्या आड राहणाऱ्याची नजर होती. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, देखरेखीचा जो खर्च सरकारला परवडत नाही, तो मालक विनामूल्य उचलतो.

कोनिग्सबर्गर यांची पुढची वाटचाल याहून बोधप्रद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर चार्ल्स एब्रम्स आणि व्लादिमिर बोदियान्स्की यांच्यासह ते आफ्रिकेतील गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेले. तिथे त्यांना दिसले की लोक मातीच्या भिंती स्वतः उत्तम उभारतात. अडते ते छपराशी, कारण पत्रा आणि लाकूड रोख पैशाने घ्यावे लागते. मग या तज्ज्ञांनी घरांऐवजी छपरासाठी कर्ज द्यावे, अशी शिफारस केली. गावाने सोसायटी करावी, सभासदाने भिंती उभ्या कराव्यात, छपराचे पैसे सोसायटीने द्यावेत आणि परतफेडीतून पुढच्या सभासदाला द्यावेत. दिल्लीत संपूर्ण घर साच्यातून काढू पाहणारा माणूस काही वर्षांतच ‘लोकांना जे जमत नाही तेवढेच द्या’ या निष्कर्षाला पोहोचला होता. हा धडा शिकवला दिल्लीने, पण तो उपयोगी पडला घानाला.

बेकर आणि दोशी

भारतात हा विचार पुन्हा रुजवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांना जाते. १९४० च्या दशकात मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे, हे गांधीजींचे म्हणणे आपण आयुष्यभर बाळगले, असे ते सांगत. तिरुअनंतपुरमला अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या वास्तूंचे काम त्यांच्यावर सोपवले. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावून मध्ये पोकळी सोडणारी रॅट-ट्रॅप बाँडची भिंत त्यांनी रूढ केली. अशा भिंतीला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीमुळे घर थंड राहते. गिलाव्याशिवायची भिंत, खिडकीऐवजी विटांची जाळी, स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी जुनी कौले ही त्यांची इतर साधने. खर्च कसा वाचवावा यावर त्यांनी स्वतःच्या हाताने चित्रे काढून छोट्या पुस्तिका लिहिल्या. तयार नकाशा देण्याऐवजी निवड कशी करावी हे त्या सांगत. अशीच कामे पुढे नेण्यासाठी १९८५ मध्ये माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, राज आणि बेकर यांच्या पुढाकाराने ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था निघाली.

शहरातील उत्तर इंदूरच्या अरण्य वसाहतीत सापडते. तिचे शिल्पकार बाळकृष्ण दोशी मूळ पुण्याचे. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या या वसाहतीत दोशींनी नमुन्यादाखल फक्त ऐंशी घरे बांधली. अत्यल्प उत्पन्न गटाला सुमारे ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोते आणि पाणी-संडासाची सोय मिळाली. भिंती, खोल्या, जिना, ओटा हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. इंदूरच्या मराठी वाचकांना आज तिथे फेरफटका मारला तर मूळ नमुन्याची घरे शोधावी लागतील. काहीजण याला योजनेचे अपयश मानतात. मला ते तिचे यश वाटते. वाढण्यासाठीच आखलेली वसाहत वाढली आहे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात हीच दृष्टी ठेवून शेजाऱ्याशी भिंत सामाईक नसलेली छोटी घरे आखली होती, ती याच हेतूने की एकाच्या वाढीला दुसऱ्याची अडचण होऊ नये.

इथे एक आर्थिक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. नोकरदार माणूस आधी कर्ज काढतो, घर घेतो आणि मग वीस वर्षे हप्ते फेडतो. अनिश्चित उत्पन्नाचा माणूस आधी वीस वर्षे बांधतो. सुगी बरी झाली की विटांचा एक ट्रक, मुलगा कामाला लागला की एक खोली, मुलीचे लग्न ठरले की गिलावा. अंगणातील विटांचा ढीग ही त्याची मुदत ठेव असते. अशा कुटुंबाला ‘पूर्ण घर’ देऊ करणारी योजना त्याच्या बचतीची रीतच ओळखत नाही.

नियम बरोबर, रक्कम अपुरी

इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये ग्रामीण रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाली आणि १९९६ पासून ती स्वतंत्र झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत आपल्या प्रशासकीय वाङ्मयातील काही अत्यंत शहाणी वाक्ये होती: ठेकेदार नको, घर लाभार्थ्याने बांधावे, ठरावीक नमुना लादू नये, घर स्त्रीच्या किंवा पतिपत्नीच्या संयुक्त नावावर असावे, त्यात निर्धूर चूल आणि संडास असावा. सेवाग्राम आणि फरिदाबादचा अनुभव अखेर शासन निर्णयात उतरला होता.

अंमलबजावणीत मात्र अनेक ठिकाणी ठेकेदार मागच्या दाराने आला. लाभार्थ्याला मोकळीक होती, पण अनुदान अपुरे होते, हप्ते उशिरा येत आणि कोणता लोखंडी गज कुठे घालावा हे सांगणारे गावात कुणी नसे. मग साहित्य पुरवणाराच घरही बांधून देई, एकाच साच्याचे. स्वातंत्र्य दिले पण साधने दिली नाहीत, की स्वातंत्र्य दुसऱ्याच्याच हाती जाते.

किल्लारीचा आक्षेप

आतापर्यंतचे विवेचन घरधन्याच्या बाजूने झुकलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्या बाजूवर सर्वांत गंभीर आक्षेप आला. लातूर-धाराशिव सीमेवरील किल्लारी परिसरात पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती, जगाच्या मानाने ती फार मोठी म्हणता येत नाही. माणसे मेली ती घरांमुळे, आणि ही घरे त्यांनी स्वतः, स्थानिक साहित्यात, पिढीजात रीतीने बांधलेली होती.

तिथल्या वाड्यांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, बाहेरून आणि आतून दगडाच्या दोन थरांच्या, मध्ये मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुधा नसत. वर माळवद, गळती थांबावी म्हणून त्यावर दर काही वर्षांनी मातीचा नवा थर, आणि त्याने छप्पर जड होत जाई. उन्हाळ्यात थंड, पावसात कोरडे, चोरांपासून सुरक्षित असे हे घर रोजच्या सर्व कसोट्यांना उतरलेले होते. फक्त एका कसोटीला ते उतरले नव्हते आणि ती कसोटी हयात असलेल्या कुणी पाहिलेली नव्हती. तेव्हाच्या भूकंप-नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. कच्च्या दगडी बांधकामाला बळकटी कशी आणावी याची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केली, ती त्याच १९९३ साली. ज्ञान अभियंत्यांकडे होते. गवंड्यापर्यंत ते आलेले नव्हते.

शतकातून एकदा येणाऱ्या संकटाविषयी अनुभवाचे शहाणपण काहीच सांगू शकत नाही. तिथे शासनाची आणि शास्त्राची गरज निर्विवाद आहे. प्रश्न राहतो तो एवढाच, की ते ज्ञान घरात कसे शिरावे.

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने मोठे पुनर्वसन हाती घेतले. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली. कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे ठेकेदारांकडून वा दात्या संस्थांकडून बांधून मिळाली. ती भक्कम होती. पण रुंद सरळ रस्ते, एकसारखे भूखंड आणि शहरी सदनिकेचा नकाशा यांत शेतकऱ्याचा संसार मावेना. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, चूल कुठे मांडायची, ओसरी कुठे? लोकांनी घराला लागून पत्र्याच्या पडव्या आणि खोल्या काढल्या.

त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाची चर्चा कमी झाली. कमी नुकसान झालेल्या सुमारे अडीच हजार गावांत लोकांनीच अनुदान घेऊन आपली घरे दुरुस्त आणि बळकट करायची होती. छपरावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार भोके पाडून काँक्रीटचे सांधे भरणे, भिंतीभोवती जाळीचा पट्टा बांधणे ही कामे सांगायला सोपी होती, पटवायला अवघड. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. त्या घरोघर जाऊन समजावत, सिमेंट-लोखंडाचा हिशेब लावत, अभियंत्याचे म्हणणे घरधन्याला आणि घरधन्याचे अभियंत्याला सांगत. अशा रीतीने दीड लाखांहून अधिक घरांचे काम झाले. घरात ज्ञान कसे शिरावे, याचे उत्तर इथे सापडले होते.

कच्छमध्ये ते मोठे झाले

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छ हादरला. अधिकृत आकड्यानुसार १३,८०५ माणसे गेली. दोन लाखांहून अधिक घरे नव्याने बांधावी लागणार होती. गावे हलवून दात्या संस्थांकडून नवी वसाहत बांधून घ्यावी, असा विचार सुरुवातीला इथेही झाला. बहुतेक गावांनी स्थलांतराला नकार दिला आणि गुजरात सरकारने तो मानला. घरधन्याने स्वतः बांधायचे, शासनाने थेट बँक खात्यात हप्त्यांनी पैसे द्यायचे, सवलतीत सिमेंट पुरवायचे, हजारो गवंड्यांना प्रशिक्षण द्यायचे आणि पुढचा हप्ता देण्यापूर्वी अभियंत्याने काम तपासायचे, असे ठरले.

तपासणीचे मुद्दे मोजके होते. जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या आणि छपराच्या पातळीवर भिंतीभोवती सलग काँक्रीटचा पट्टा आहे का? कोपऱ्यांत उभे गज आहेत का? दार कोपऱ्यापासून पुरेसे दूर आहे का? खोली चौकोनी की गोल, मातीची की विटांची, दार पूर्वेला की उत्तरेला, यात अभियंत्याने पडायचे नव्हते. बन्नी भागातले मातीचे गोल भुंगे भूकंपात चांगले टिकले होते. सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटांचे भुंगे भूजच्या कारागिरांनी आणि वास्तुविशारदांनी पुन्हा बांधले.

मला हा आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा क्षण वाटतो. सत्तेची वाटणी इथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर योग्य जागी झाली. सांगाडा शास्त्राने ठरवायचा, मांडणी घरधन्याने. एका बाजूला जीव वाचण्याचा प्रश्न, तिथे तडजोड नाही. दुसऱ्या बाजूला जगण्याची रीत, तिथे हुकूम नाही.

आज काय उरले?

२०१६ मध्ये इंदिरा आवासची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ने घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर झाले. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. गवंडी प्रशिक्षण आणि टप्प्याटप्प्यावरचे छायाचित्र बंधनकारक झाले. ठेकेदाराची बंदी कायम राहिली. दिल्ली आयआयटी आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साह्याने राज्याराज्यांच्या हवामानाला आणि साहित्याला साजेशा घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ हा संग्रहही निघाला. २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरांना मंजुरी मिळाली. नियम आणि नमुने यांत आज उणीव काढणे कठीण आहे.

धोका आहे तो उद्दिष्टाच्या घाईत. मार्चअखेर फोटो चढवायचा असला की एकच नकाशा सर्वांना वाटणे सोपे पडते. छायाचित्रात चार भिंती आणि रंग दिसतो. छपराच्या पातळीवरचा पट्टा गिलाव्याखाली गेला की दिसत नाही. आणि चूल बाहेर का मांडली, हे तर कुठलेच छायाचित्र सांगत नाही. पुढचा भूकंप फोटो पाहणार नाही.

हे लिहिताना मला घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांचाही विचार आहे. भिलाई, बडोदे वा बंगळूरला आयुष्य काढलेली अनेक मराठी माणसे निवृत्तीच्या सुमारास गावाकडच्या जागेत छोटे घर आखतात. ऐंशी वर्षांच्या या अनुभवाचा त्यांनाही उपयोग आहे. आधी मर्यादा ठरवा, मग नकाशा. आसपास काय मिळते आणि गावचा गवंडी काय उत्तम करतो, ते पाहा. पहिला खर्च जोते, पट्टे आणि छप्पर यांवर करा. रंग, फरशी, वरची खोली मागाहून होते. वाढायला एक बाजू मोकळी ठेवा. अभियंत्याचा सल्ला सांगाड्यापुरता काटेकोर माना. आणि बांधकाम चालू असताना शक्य तितके दिवस स्वतः तिथे राहा, कारण फरिदाबादला जे उपयोगी पडले ते धन्याचे डोळेच होते.

शासनानेही याहून वेगळे काही करायचे नाही. जागेचा पक्का हक्क, वेळेवर हप्ता, शिकलेला गवंडी आणि न चुकवता केलेली तपासणी एवढे दिले, की उरलेले घर माणसे स्वतः आखतात.